मच्छिंद्री ते 39 फूट : कोल्हापुरातील धोक्याच्या खुणा

लाल रंग म्हणजे धोका, हे नाते उपजतच असते असे मानण्याचा प्रघात असला, तरी कोल्हापुरात ते फार काळ टिकत नाही. कारण अंबाबाईच्या कुंकवात जो रंग सौभाग्याचा, तोच 1891 मध्ये मिरजेहून लोहमार्ग आला तेव्हा गाडी थांबवण्याचा हुकूम ठरला. रेल्वेची ही रंगभाषा तेव्हा स्वतःच बदलत होती. इंग्लंडमध्ये आरंभी लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा असा संकेत होता; पण लाल काच फुटली की दिवा पांढरा दिसे आणि जेथे थांबायचे तेथेच चालकाला मोकळीक मिळे, म्हणून त्या शतकाच्या अखेरीस पांढरा बाद होऊन त्याची जागा हिरव्याने घेतली.

ध्वनीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कुस्तीच्या मैदानात मल्लांना चेतवणारे वाद्य आणि गावात दवंडीसाठी, म्हणजे जाहीर पुकाऱ्यासाठी, लोकांना घराबाहेर काढणारे वाद्य एकच, हलगी; फरक वाजवण्याच्या चालीत आणि पाठोपाठ येणाऱ्या शब्दांत. 1906 मध्ये पायाभरणी झालेल्या शाहू मिलसारख्या गिरण्यांचा भोंगा कामाची पाळी सांगे, तर युद्धकाळात ठरलेल्या नागरी संरक्षणाच्या संकेतात खालीवर होणारा भोंगा हवाई हल्ल्याचा आणि एकसुरी, सलग भोंगा संकट टळल्याचा मानला जाई. आवाज फक्त कान टवकारायला लावतो. अर्थ आधी ठरवून, शिकवून ठेवावा लागतो.

पंचगंगेच्या पुराबाबत मात्र कोल्हापूरकरांनी रंग आणि ध्वनी या दोहोंना बगल दिली. ब्रिटिशकालीन शिवाजी पुलाच्या कमानी पाण्याने भरत आल्या की ‘मच्छिंद्री झाली’ असे जुनी माणसे म्हणत, आणि तेवढ्या दोन शब्दांत नदीकाठची पेठ सावध होई. पुढे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरील मोजपट्टीने ही जागा घेतली : 39 फूट ही इशारा पातळी, म्हणजे स्थलांतराची तयारी ठेवण्याची मर्यादा, आणि 43 फूट ही धोका पातळी. हवामान खात्याचे पिवळे, नारंगी, लाल इशारे वृत्तपत्रांत रोज छापले जात असले, तरी पावसाळ्यात चौकाचौकांत विचारला जाणारा प्रश्न ‘पाणी किती फुटांवर?’ हाच असतो, आणि तो अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

तरीही पाणी खुणेवर मोजण्याच्या या सवयीची एक बाजू उणी होती. अनेक घरांच्या भिंतींवर 2005 च्या महापुराची रेघ होती आणि पाणी तिच्यापुढे जाणार नाही या हिशेबाने कित्येक कुटुंबांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये सामान वरच्या फळीवर ठेवून घरातच राहणे पसंत केले. त्या वेळी पंचगंगा ती रेघ ओलांडून 55 फुटांच्या वर गेली, आणि 2021 मध्ये 56 फुटांच्याही.