बेरेटा १९३४: ठशांवरून पिस्तुलाची ओळख

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल इटालियन बनावटीचे बेरेटा होते: मॉडेल १९३४, क्रमांक ६०६८२४. पुण्याच्या नथुराम गोडसेने ते दोनच दिवस आधी ग्वाल्हेरला मिळवले होते. एका राष्ट्राचा घाव ज्या हत्याराशी जोडला गेला, त्याचे कोरडे तांत्रिक वर्णनही अचूकच व्हायला हवे.

उत्तर इटलीतल्या गार्दोने गावच्या बेरेटा कारखान्यासाठी हे मॉडेल तुल्लिओ मारेंगोनी यांनी घडवले. मॅगझिनमध्ये ९ मिलिमीटरची आखूड काडतुसे सात बसतात आणि मॅगझिनच्या टोकाला करंगळी टेकवण्यासाठी पुढे आलेला भाग असतो. १९३५ चे मॉडेल दिसायला जवळजवळ असेच, पण ते ७.६५ मिलिमीटरचे. त्यामुळे नुसत्या आकारावरून निर्णय देणे धोक्याचे. आधी स्लाइडच्या डाव्या बाजूची ओळ वाचावी.

त्या ओळीत कारखाना, गोळीचे माप, मॉडेल आणि सन असतो. युद्धकाळापर्यंतच्या नगांवर इसवी सनाशेजारी रोमन आकड्यांत फॅसिस्ट राजवटीचे वर्षही कोरलेले आढळते. ही गणना ऑक्टोबर १९२२ पासूनची. १९३७ सोबत पंधरा किंवा, ऑक्टोबरअखेरनंतर, सोळा हा आकडा जुळतो. त्याहून वेगळा दिसला तर शंका घ्यावी.

मुठीजवळचे छोटे ठसे पिस्तुलाचा पहिला मालक सांगतात. ‘आर. ई.’ म्हणजे शाही भूदल, ‘आर. एम.’ नौदल, ‘पी. एस.’ पोलीस. १९४३ नंतर उत्तर इटलीत जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या नगांवर चारचा आकडा आणि ‘यू. टी.’ ही अक्षरे दिसतात. पहिल्या मालकानंतर पिस्तूल लुटीतही जाई. आफ्रिकेत केरेनला आणि पुढे इटलीत मराठा लाइट इन्फंट्री लढली. अशा आघाड्यांवर शत्रूची बेरेटा दोस्त सैनिकांच्या आवडीच्या लुटीपैकी होती.

झिलईही काळ सांगते: सुरुवातीच्या नगांवर गुळगुळीत निळसर चकाकी, युद्ध रेंगाळले तसे यंत्राचे ओरखडे राहिलेले खडबडीत पोलाद. मात्र दस्त्याच्या पट्ट्या आणि मॅगझिन सहज बदलता येतात, म्हणून त्यांचा पुरावा सर्वांत कच्चा. युद्धानंतरही हे मॉडेल अनेक दशके बनत राहिले. त्या नगांवर राजवटीचे वर्ष नसते.