न मोजलेले अंगण

धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंगाच्या देवस्थानासाठी परिचित आहे. अलीकडे सोलापूर–येडशी आणि येडशी–औरंगाबाद या दोन चौपदरी रस्त्यांच्या नावांतही ते जाऊन बसले. दुसरा रस्ता सुमारे १८९ किलोमीटरांचा. रस्ता असा नेमका मोजला जातो. परंतु अशा गावातील घराची जागा किती, हे विचारले की घरपट्टीचा कागद एक सांगतो आणि टेप दुसरेच. या विसंगतीस आपण कारकुनी चूक म्हणतो. आम्हांस तिच्यात एक इतिहास दिसतो.

१८५३ च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेल्या मुलखात नळदुर्ग-धाराशिवचा भाग होता. तेथील कारभार पाहणारा फिलिप मेडोज टेलर साहित्याच्या अभ्यासकांस ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीचा कर्ता म्हणून ठाऊक आहे. स्थानिक माणसे तयार करून त्याने जमिनीची मोजणी आरंभिली. १८६० मध्ये हा भाग निजामाकडे परतला; पुढे तेथेही महसुली मोजणी झाली. या सर्व मोजणीचा रोख शेतसाऱ्यावर होता. शेताला क्रमांक मिळाला, हद्दीचे दगड मिळाले. गावठाण सारा देत नव्हते. म्हणून नकाशावर ते बहुधा एकसंध ठिपका होऊन राहिले.

घरे दप्तरात आली ती ग्रामपंचायतीच्या करासाठी, नमुना ८ मध्ये. ही नोंद कर कोणी किती द्यावा हे ठरविण्यासाठी असते. मालकी सिद्ध करण्यासाठी नव्हे. त्यात मापांची भाषाही बदलत गेली. माळवदाचे घर खणांत सांगितले जाई, पंचायतीस फूट हवे होते, भूमापनास चौरस मीटर. १,०८९ चौरस फुटांच्या गुंठ्यास ढोबळमानाने एक आर म्हटले, तरी सुमारे साडेबारा चौरस फूट गळतात.

ही संदिग्धता वर्षानुवर्षे सर्वांच्या सोयीची ठरते. कमी लिहिलेल्या जागेवर कर कमी बसतो, आणि वसुली झाली की दप्तरही समाधानी असते. वाटणी, विक्री वा कर्जाची वेळ आली की मात्र तोच कागद आपल्यावर उलटतो. कागदावर नसलेले परसू मग हक्काने कोणाचेच राहत नाही. याची झळ प्रथम लागते ती जिचे नाव नोंदीत नाही तिला: विधवा सुनेला, सासरी गेलेल्या लेकीला.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाण टिपून मिळकत पत्रिका आणि सनद देण्याची ही व्यवस्था. ती आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु ड्रोनला भाऊबंदांची हद्द दिसत नाही; त्याआधी गावकऱ्यांसमक्ष जमिनीवर चुन्याची रेघ ओढावी लागते. शतकभर न मोजलेल्या जागेचा निवाडा त्या रेघेत होतो. ती आखली जात असताना तेथे कोण उभे असेल, आणि कोणास बोलावणेच गेले नसेल, हा प्रश्न कोणतेही यंत्र सोडवीत नाही.