सेवा शिकावी लागते?

‘गरिबांना मदत करायला पदवी कशाला?’ बी.एस.डब्ल्यू.ला जाणाऱ्या मुलामुलींना घरात हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. प्रश्न जुनाच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्याच्या वस्तीत काम करीत. त्यांच्या पुढाकाराने, टाटा न्यासाच्या पैशावर, १९३६ साली मुंबईत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ निघाले. दानधर्म आपल्याला ठाऊक होता. तो शिकायचा असतो, हे नवीन! आणि नावातच ‘ग्रॅज्युएट’. म्हणजे आधी पदवी हवी. बारावीनंतर थेट प्रवेशाची सोय पुष्कळ उशिरा झाली. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्यांना ती मोलाची ठरली. अभ्यासाचा कणा मात्र तोच, क्षेत्रकार्य. वही घेऊन वस्तीत जायचे, ऐकायचे, अहवाल लिहायचा. तिथे पदवी कोणी विचारत नाही. विचारतात, ‘रेशनकार्डाचं काम होईल का?’