अणुयुद्ध आणि हाती उरणारा वेळ

युद्ध राजा किंवा सेनापती ठरवून सुरू करतो, असे शाळेतल्या इतिहासाने आपल्या मनावर ठसवले आहे. क्यूबाच्या पेचप्रसंगाची हकीकत वाचताना मात्र अणुयुद्धाला ठरवणाऱ्याची गरज पडेलच असे आम्हांला वाटत नाही.

क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळल्यावर केनेडींनी २२ ऑक्टोबर १९६२ रोजी बेटाची नाकेबंदी जाहीर केली. युद्ध त्यांना नको होते, ख्रुश्चेव्हनाही नको होते. तरी २७ ऑक्टोबरच्या एकाच शनिवारी ते तीनदा दाराशी येऊन गेले. क्यूबावर टेहळणी करणारे अमेरिकेचे यू-२ विमान पाडले गेले, वैमानिक मेजर अँडरसन ठार झाला. तो हुकूम मॉस्कोचा नव्हता, तिथल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांचा होता. दुसरे यू-२ उत्तर ध्रुवाकडून परतताना वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. त्याच्या मागे मिग विमाने उडाली. मदतीला अलास्कातून निघालेल्या अमेरिकी विमानांवर अण्वस्त्रे होती.

तिसरा प्रसंग समुद्राखालचा. बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीने वर यावे म्हणून अमेरिकी युद्धनौका इशाऱ्याची स्फोटके टाकत होत्या. आत बॅटरी संपत आलेली, उकाडा असह्य, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. वर युद्ध पेटले आहे की नाही, हे कळायला मार्गच नव्हता. तिच्या एका टॉर्पेडोवर अण्वस्त्र होते, हे अमेरिकी नौदलाच्या गावीही नव्हते. कप्तान सावित्स्कीने तो टॉर्पेडो सज्ज करायला सांगितले, असे पाणबुडीवरच्या एकाने पुढे सांगितले. वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केले आणि पाणबुडी वर आली. जगाला हे कळायला २००२ साल उजाडले!

आपल्या उपखंडात मॉस्को-वॉशिंग्टनएवढे अंतर नाही. क्षेपणास्त्राला काही मिनिटे पुरतात. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक नव्हते, जीवितहानी झाली नाही. देखभालीच्या वेळी झालेली ती चूक होती, असे भारताने ११ मार्चला जाहीर केले. सीमेवर तोफा धडाडत असत्या तर दोन दिवस वाट कोणी पाहिली असती?

पुढच्या पायऱ्या तर कागदावर आहेत. प्रथम वापर न करण्याचे बंधन पाकिस्तानने स्वीकारलेले नाही. रणांगणावर वापरायचे, ६० किलोमीटर पल्ल्याचे ‘नस्र’ त्याने २०११ मध्ये तपासले. भारताचे २००३ चे धोरण सांगते की आम्ही आधी वापरणार नाही, पण आपल्या सैन्यावर कुठेही अण्वस्त्र पडले तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. म्हणजे वाळवंटातल्या एका लहान स्फोटानंतर पाळी शहरांची. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांचे गणगोत कराचीत आहे. मुंबई आणि कराची एकाच समुद्रावर आहेत.

मे २०२५ मध्ये चार दिवस दोन्हीकडून क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सुटत होते. १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी भारताच्या महासंचालकांना फोन केला. संध्याकाळी ५ पासून मारा थांबवायचे ठरले.