अवसायन : फसलेल्या पुनरुज्जीवन योजनेनंतरचे

कर्जबाजारी कंपनी वाचवण्यासाठी मंजूर झालेली योजना पाळली गेली नाही, तर ती संपुष्टात आणून कंपनीची मालमत्ता विकणे, आलेला पैसा कायद्याने घालून दिलेल्या क्रमाने घेणेकऱ्यांना वाटणे आणि अखेरीस कंपनीचे विसर्जन करणे, या प्रक्रियेला अवसायन म्हणतात. बोलण्यात ‘कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली’ असे म्हटले जाते. भारतात ही प्रक्रिया मुख्यतः नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार चालते. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी अशा औद्योगिक वसाहती असलेल्या नाशिक जिल्ह्यातील कंपन्यांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जातात.

पूर्वपीठिका : आजारी उद्योगांसाठी १९८५ साली स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखाली औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. मंडळाकडे प्रकरण गेले की बँकांची वसुली थांबे आणि पुनर्वसनाची योजना आखली जाई. योजना फसली, तर कंपनी गुंडाळावी असे मत मंडळ उच्च न्यायालयाला कळवी आणि पुढचे काम शासकीय अवसायकाकडे जाई. या वाटचालीत वर्षानुवर्षे निघून जात. तोवर यंत्रे गंजत, कामगार पांगत आणि मालमत्तेची किंमत मातीमोल होई. १ डिसेंबर २०१६ रोजी हा कायदा रद्द झाला, मंडळही बरखास्त झाले. नव्या संहितेचा सगळा भर मुदतीवर आहे, तो या अनुभवामुळेच.

योजनेचे स्वरूप : किमान एक कोटी रुपयांची थकबाकी असेल, तर बँक किंवा पुरवठादार न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो (मार्च २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती). अर्ज दाखल करून घेतला गेला की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात, कारभार निराकरण व्यावसायिकाच्या हाती येतो आणि वसुलीच्या दाव्यांना स्थगिती मिळते. कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांची समिती इच्छुक गुंतवणूकदारांच्या योजना तपासते. किमान ६६ टक्के मतांनी संमत झालेली योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली, की ती कंपनी, बँका, कामगार, पुरवठादार व शासन या सर्वांवर बंधनकारक ठरते. यासाठी १८० दिवस, वाढीव ९० दिवस आणि कोर्टकज्जे धरून एकूण ३३० दिवसांची मुदत संहितेने घातली आहे. प्रत्यक्षात ती अनेकदा ओलांडली जाते.

योजना कोसळते, ती बहुधा मंजुरीनंतरच्या अंमलबजावणीत. गुंतवणूकदार ठरलेला हप्ता भरत नाही; परवाने मिळण्यास वेळ लागतो; परवान्याची अट पुरी झाली की नाही यावर बँका आणि गुंतवणूकदार यांच्यात वाद पेटतो. या काळात बंद कारखान्याचा पहारा, विमा, वीज यांचा खर्च मात्र चालूच राहतो.

योजना संपवण्याचा मार्ग : मंजूर योजनेचा भंग झाल्यास संहितेच्या कलम ३३(३) नुसार, त्या भंगामुळे ज्याच्या हिताला बाध येतो अशी कोणतीही व्यक्ती अवसायनाच्या आदेशासाठी अर्ज करू शकते. कर्जदार कंपनीला स्वतःला मात्र हा अर्ज करता येत नाही. भंग झाल्याची न्यायाधिकरणाची खात्री पटली, की अवसायनाचा आदेश निघतो. जाणूनबुजून योजना मोडणाऱ्यास एक ते पाच वर्षे कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे.

आदेशानंतर सूत्रे अवसायकाकडे जातात. तो जाहीर सूचना काढून दावे मागवतो, मालमत्तेचा ताबा घेतो, मूल्यांकन करून घेतो आणि लिलाव पुकारतो. कंपनीविरुद्ध नवा दावा लावता येत नाही. धंदा चालू ठेवला गेला नाही, तर हा आदेशच कामगार व कर्मचाऱ्यांना सेवामुक्तीची नोटीस मानला जातो. ज्यांच्या हातून कंपनी बुडाली त्या प्रवर्तकांनी लिलावात ती स्वस्तात परत घेऊ नये, म्हणून त्यांच्यावर बंदी आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना यात काही सवलत दिलेली आहे.

जेट एअरवेजचे प्रकरण : योजना फसून अवसायन झाल्याचे देशातील सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईच्या जेट एअरवेजचे आहे. १९९३ साली उड्डाणे सुरू करणाऱ्या या कंपनीने जून २०१८ मध्ये ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली दिल्ली–नाशिक सेवा सुरू केली, तेव्हा नाशिकच्या ओझर विमानतळाला राजधानीशी थेट जोड मिळाली. वर्ष उलटण्याआधीच, १७ एप्रिल २०१९ रोजी, कंपनीचे अखेरचे विमान उडाले. स्टेट बँकेच्या अर्जावरून जून २०१९ मध्ये प्रकरण मुंबई खंडपीठापुढे दाखल झाले. मुरारीलाल जालान व फ्लोरियन फ्रिट्श यांच्या गटाची योजना बँकांच्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये संमत केली आणि २२ जून २०२१ रोजी न्यायाधिकरणाने तिला मंजुरी दिली.

योजनेत पहिला हप्ता ३५० कोटी रुपयांचा होता. मे २०२२ मध्ये उड्डाण परवाना पुन्हा मिळाला, पण इतर अटी पूर्ण झाल्या की नाही यावर वाद सुरू झाला. दरम्यान कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी व उपदान चुकते करावे, असा आदेश अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो कायम ठेवला. गटाने २०० कोटी भरले आणि उरलेल्या १५० कोटींपोटी आधी दिलेली बँक हमी वळती करून घ्यावी, अशी मागणी केली. मार्च २०२४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मान्य केली. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. पारडीवाला व न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. हमी ही योजना तडीस जाईपर्यंत जिवंत ठेवायची असते, हप्त्यात वळवायची नसते, असा निर्वाळा देऊन न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली थेट अवसायनाचा आदेश दिला. गटाचे २०० कोटी जप्त झाले आणि हमी वटवण्याची मुभा बँकांना मिळाली. अर्ज दाखल झाल्यापासून या निकालापर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

ज्योती स्ट्रक्चर्सचे प्रकरण : सातपूर येथे कारखाने असलेली, विजेचे पारेषण मनोरे बनवणारी ही कंपनी अवसायनाच्या उंबरठ्यावरून परतली. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी प्रक्रियेसाठी पाठवलेल्या पहिल्या बारा मोठ्या थकबाकीदारांत तिचा समावेश होता. मुदत व मतदानाच्या मुद्द्यांवर मुंबई खंडपीठाने जुलै २०१८ मध्ये तिची योजना फेटाळून अवसायनाचा मार्ग मोकळा केला. अपिलात तो निर्णय टिकला नाही आणि मार्च २०१९ मध्ये योजना मंजूर झाली. येथे गुंतवणूकदार मागे हटले नव्हते. अडचण प्रक्रियेतील मुदतीची व मतदानाची होती. पैसा आणण्याची तयारी आणि बँकांचा पाठिंबा कायम असेल, तर कंपनी वाचवण्याकडे न्यायसंस्थेचा कल असतो, हे या प्रकरणात दिसते.

पैशाचे वाटप : संहितेच्या कलम ५३ मधील क्रम असा : प्रथम प्रक्रियेचा संपूर्ण खर्च, मग कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी आणि आपले तारण सोडून दिलेल्या बँका, या दोघांना समान दर्जा, त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन, मग विनातारण कर्ज देणाऱ्या संस्था, मग शासनाची दोन वर्षांची देणी, त्यानंतर पुरवठादारांसह उरलेले घेणेकरी, आणि शेवटी भागधारक. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व उपदान निधीतून कामगारांना देय असलेल्या रकमा अवसायनाच्या मालमत्तेत धरल्याच जात नाहीत.

समजा, अंबडमधील एका कारखान्याच्या विक्रीतून १० कोटी रुपये आले. प्रक्रियेचा खर्च एक कोटी वजा जाता ९ कोटी उरतात. कामगारांची २४ महिन्यांची देणी २ कोटी आणि तारण सोडलेल्या बँकांची येणी १६ कोटी असतील, तर रुपयाला पन्नास पैसे या हिशेबाने कामगारांना एक कोटी व बँकांना ८ कोटी मिळतात. शेजारच्या गाळ्यात जॉबवर्क करून सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकाचे वीस लाख थकले असतील, तर त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. कामगाराची २४ महिन्यांपूर्वीची देणीही त्याच पुरवठादाराच्या रांगेत जातात.

औद्योगिक वसाहतीतील भूखंड : नाशिकमधील बहुतेक कारखाने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडांवर उभे आहेत. अवसायक जमिनीची मालकी विकू शकत नाही; भाडेपट्ट्याचा उरलेला हक्क, इमारत आणि यंत्रे तेवढी विकतो. खरेदीदाराच्या नावे हस्तांतरण करण्यास महामंडळाची संमती व हस्तांतरण शुल्क लागते. लिलावाच्या अटी नीट न वाचता बोली लावणारा याच टप्प्यावर अडकतो.

सहकारी संस्था : सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या व पतसंस्था या संहितेखाली येत नाहीत. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. त्यातील कलम १०२ नुसार निबंधक अवसायनाचा आदेश काढतो व पुढील कलमाखाली अवसायक नेमतो. नाशिक जिल्ह्यात निफाड आणि पळसे येथील सहकारी साखर कारखाने कर्जाच्या ओझ्याखाली दीर्घकाळ बंद राहिले. ते भाडेतत्त्वावर चालवायला देऊन जिवंत ठेवण्याचा मार्ग पत्करण्यात आला.

मूल्यमापन : अवसायनाचा आदेश घाईने निघाला, तर चालू शकणारा धंदा बुडतो. भूषण पॉवर अँड स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिलेला अवसायनाचा आदेश पुढे स्वतःच मागे घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलची योजना कायम केली. तेथे पैसा भरला गेला होता आणि कारखाना चालू होता. पैसा येतच नसेल, तर मात्र दर वाढीव मुदतीची किंमत कामगार आणि लहान पुरवठादार मोजतात, कारण रांगेत मागे असलेल्यांचा वाटा सर्वांत आधी नाहीसा होतो. म्हणून हप्ता चुकल्यावर भंगाचा निवाडा लवकर होणे, हाच या कायद्याचा खरा कस आहे. कामगार व पुरवठादारांनीही केवळ बँकांच्या भरवशावर राहू नये. अवसायकाची सूचना प्रसिद्ध होताच पगाराच्या पावत्या, हजेरीचे पुरावे, बिले आणि माल पोचल्याच्या नोंदी जोडून मुदतीत दावा दाखल करावा. एकदाही दावा न करणाऱ्याचे नाव वाटपाच्या यादीत येत नाही.