समासांतील टीप आणि यंत्राचें पुस्तक

जुन्या पोथ्यांच्या संशोधकास एक अडचण वारंवार येते. कोणा वाचकानें समासांत लिहिलेली टीप पुढच्या नकलकारानें मूळ ओळ समजून संहितेंत घेतलेली असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं महाभारताचें आदिपर्व १९३३ त सिद्ध केलें, तें अशी मागाहूनची भर निवडून काढीतच.

संगणकाच्या आज्ञावलींतही मूळ मजकूर व टीपा शेजारीं शेजारीं नांदतात. यंत्र मजकुराची आज्ञा पाळतें. टीपा माणसांसाठीं असतात. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन प्राध्यापकानें १९८४ त निबंध लिहून या दोहोंची सांगड घातली. लेखन एकच, त्यांतून 'टँगल' यंत्रासाठीं आज्ञावली काढी आणि 'वीव्ह' वाचकासाठीं ग्रंथ विणी. पुढें जावा भाषेबरोबर आलेल्या 'जावाडॉक'नें यांतला सोपा भाग उचलला: टीपा वेंचावयाच्या आणि माहितीपुस्तिका छापावयाची.

परंतु वेंचणाऱ्यास अर्थ कळत नाहीं, खूण कळते. तिरपी रेघ व पुढें दोन तारका असल्या तर टीप पुस्तिकेंत येते. एकच तारका पडली तर गळते. टीपेचें पहिलें वाक्य सारांश म्हणून उचललें जातें, आणि पूर्णविराम व त्यापुढें मोकळी जागा दिसली कीं वाक्य संपलें असें समजलें जातें. त्यामुळें 'प्रो. क्नूथ' असें लिहिल्यास सारांश 'प्रो.'पाशींच तुटतो! हें उदाहरण जावाडॉकच्या मार्गदर्शिकेंतच दिलेलें आहे. आम्हां प्राध्यापकांच्या उपाधीचा असा उपद्रव क्वचितच झाला असेल.

असले दोष पान व टीप ताडून पाहिलीं कीं सांपडतात. साधन निर्दोष असतां पुस्तिका खोटी निघते, तेव्हां मात्र शोध कठीण होतो. गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. समजा, एटापल्लीच्या एखाद्या ग्रामसभेसाठीं हिशेबाची आज्ञावली शेजारच्या छत्तीसगडांतून आणली. तिकडे पुडा पन्नास पानांचा, इकडे सत्तर पानांचा. आणणाऱ्यानें आज्ञावलींतील आंकडा बदलला, टीप तशीच ठेवली. पुस्तिका मोठ्या निष्ठेनें पन्नासच सांगणार. आणि हिशेबनीस आज्ञावली वाचीत नाहीं, पुस्तिका वाचतो. हजार पुड्यांच्या एका गोणीमागें वीस हजार पानांचा घोळ! साधनाची कितीही झडती घेतली तरी दोष हातीं लागावयाचा नाहीं, कारण तो तेथें नाहींच.

पायथन भाषेच्या २००१ मधील आवृत्तींत यावर 'डॉकटेस्ट' हा एक मार्मिक उपाय आला. टीपेंत उदाहरण लिहावें, दहा पुड्यांचीं पानें पांचशें; यंत्र तें प्रत्यक्ष चालवून पाहतें आणि उत्तर सातशें निघालें कीं टीपेस खोटी ठरवितें. तीच गोष्ट साध्या गद्यांत लिहिली असेल तर मात्र डॉकटेस्ट तिच्याकडे पाहत नाहीं; तेथें पुडा सोडून पानें मोजणारा कोणी लागतो.