वेदनेची मोजदाद

पोटाचे ऑपरेशन झालेल्या नातेवाइकाला दुसऱ्या दिवशी भेटायला गेलात, तर एक गोष्ट लक्षात येते. तो हसू दाबतो आणि खोकलाही दाबतो. टाक्यांवर जरा ताण आला तरी कळ मस्तकात जाते. पण खोकला दाबला की छातीत कफ साचतो आणि नुसते पडून राहिले की पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. तेव्हा ऑपरेशननंतरचे दुखणे कमी करणे हा रुग्णाच्या लाडाचा भाग नाही, उपचाराचाच भाग आहे. प्रश्न असा, की अमुक उपायाने दुखणे कमी झाले हे ठरवायचे कोणी आणि कसे?

हा प्रश्न जुना आहे. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले आणि रुग्ण जागा असतानाच डोळ्याचे ऑपरेशन करता येते हे दाखवले. पुढे बर्लिनचे सर्जन कार्ल लुडविग श्लाइख यांनी कोकेनचे अगदी सौम्य द्रावण टोचून हवा तेवढाच भाग बधिर करण्याची पद्धत काढली. १८९२ मध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी ती मांडली. एवढा सुरक्षित उपाय हाताशी असताना क्लोरोफॉर्मची धोकादायक भूल देणे योग्य नव्हे, असेही ते बोलून गेले. सभागृहात गदारोळ झाला. हे ज्यांना पटले त्यांनी हात वर करावेत, असे अध्यक्ष म्हणाले. श्लाइख यांनीच पुढे आठवणीत सांगितले आहे, की एकही हात वर आला नाही. श्लाइख यांची पद्धत नंतर जगभर वापरली गेली, हे निराळे सांगायला नको.

हात वर करून औषधाचा निकाल लावायचे दिवस हळूहळू मागे पडले. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवण्यात आले होते. पण क्षयाचा डाग एक्स-रेमध्ये दिसतो, वेदना दिसत नाही. मग ती मोजायची कशी? त्यावर एक साधा मार्ग निघाला. रुग्णाच्या हातात एक बटण द्यायचे. ते दाबले की पंपातून मॉर्फिनचा ठरावीक डोस मिळतो आणि ठरावीक वेळ जाईपर्यंत पुढचा मिळत नाही. चोवीस तासांत किती मॉर्फिन लागले, यावरून दुखण्याचा अंदाज येतो.

या मापाने तपासला गेलेला एक उपाय म्हणजे 'टॅप ब्लॉक'. पोटाच्या कुशीत स्नायूंचे तीन थर असतात. पोटाच्या भिंतीला संवेदना देणारे मज्जातंतू आतल्या दोन थरांच्या मधून पुढे येतात. तिथेच बधिर करणारे औषध सोडले तर? ही कल्पना २००१ मध्ये डॉ. रफी यांनी मांडली. २००७ मध्ये आयर्लंडमधील गॉलवेच्या डॉक्टरांनी आतड्याचे ऑपरेशन झालेल्या ३२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांना पहिल्या चोवीस तासांत सरासरी ८० मिलिग्रॅम मॉर्फिन लागले आणि ज्यांना ब्लॉकही दिला होता त्यांना सुमारे २२. लगेच २००८ मध्ये सिझेरियन झालेल्या ५० स्त्रियांवरची चाचणी आली. निम्म्यांना औषध टोचले आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. अठ्ठेचाळीस तासांत ६६ मिलिग्रॅमच्या जागी १८ मिलिग्रॅम मॉर्फिन पुरले. मॉर्फिनने गुंगी आणि मळमळ येते. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला बाळ जवळ घ्यायचे असते. तिच्या दृष्टीने हा फरक मोठा होता.

इथे गोष्ट संपली असती तर सोपे होते. पण २००९ मध्ये कॅनडातून सिझेरियनवरचीच आणखी एक चाचणी आली आणि तिच्यात या ब्लॉकचा काहीच जादा फायदा दिसला नाही. मग आयर्लंडचे डॉक्टर चुकले होते का? तसे नव्हते. कॅनडातल्या स्त्रियांना पाठीच्या कण्यात भूल देतानाच त्यात थोडे मॉर्फिन मिसळलेले होते. आयर्लंडमध्ये ते नव्हते. कण्यातले मॉर्फिन पोटाच्या भिंतीबरोबरच आतल्या अवयवांचे दुखणेही शमवते. ब्लॉक फक्त भिंत बधिर करतो. २०१२ मध्ये अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही हेच दिसले, की कण्यात मॉर्फिन दिले नसेल तिथे ब्लॉक कामाचा, दिले असेल तिथे त्याची फारशी भर नाही. मात्र कण्यातल्या मॉर्फिनने अंगाला खाज सुटते, मळमळते. ज्यांना ते देता येत नाही, त्यांच्यासाठी ब्लॉकचा पर्याय उरतोच.

तेव्हा 'हे इंजेक्शन घ्या, दुखणार नाही' असे कोणी सांगितले, तर एक प्रश्न जरूर विचारावा: कशाच्या तुलनेत? हा प्रश्न आपल्याला विचारता येतो, तो त्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घ्यायला तयार झालेल्या स्त्रियांमुळे. त्यांच्याही हाताशी मॉर्फिन होतेच. फक्त त्यांना ते अधिक वेळा मागावे लागले.